आधी फोल्डर, मग फोटो



पाऊस उघडायचं नाव घेईना. कात्र्यांना धार लावून आठ दिवस झाले, छाटणीच्या टोळीचा दोनदा फोन येऊन गेला, पण बागेत पाय टाकला की घोट्यापर्यंत रुततोय. अशात छाटणी केली आणि डोळे फुटायच्या वेळी पुन्हा झड लागली तर डाऊनी आलाच म्हणून समजा. म्हणून थांबलोय. आज रानातली नोंद नाही, घरातली आहे.

मागच्या पोस्टला मी एकाच वेलीचे तीन फोटो टाकले होते. 15 नोव्हेंबर 2021, 15 नोव्हेंबर 2022 आणि 15 नोव्हेंबर 2024. घडाची संख्या कशी बदलत गेली ते दाखवायला. बऱ्याच जणांनी विचारलं, दादा, इतके जुने फोटो तारखेवार सापडतात कसे, कुठलं ॲप आहे? आणि एकानेच बरोबर हेरलं, 2023 चा फोटो कुठाय? त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून आज बसलोय. बाकीच्यांचं उत्तर त्यातच येईल.

ॲप वगैरे काही नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पायथॉन नावाच्या भाषेतला एक छोटा प्रोग्राम आहे. तीसेक ओळींचा. तो फोटोच्या नावातून तारीख काढतो, त्या तारखेचा फोल्डर तयार करतो आणि फोटो त्यात ठेवतो. मी दहावी पास माणूस. 2004 साली एमएससीआयटी केलं होतं, त्यात फोल्डर कसा करायचा ते माऊसने शिकवलं होतं. राईट क्लिक, न्यू, फोल्डर. प्रोग्रामला सांगूनही फोल्डर करून घेता येतो हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं.

सुरुवात झाली 2021 च्या जानेवारीत. एका औषधाने माझ्या दोन ओळींची पानं करपली. दुकानदाराने हात वर केले, कंपनीचा माणूस म्हणाला बाटलीचा बॅच नंबर दाखवा, फवारणीच्या दिवशीचा फोटो दाखवा. दोन्ही फोटो मी काढलेले होते, शंभर टक्के. पण मोबाईलमध्ये चार हजारांवर फोटो, त्यात लग्नाच्या पत्रिका, गुड मॉर्निंगची फुलं, कुणाची तरी म्हैस विकणे आहे. दोन रात्री शोधत बसलो. बाटलीचा फोटो सापडला तोवर त्या माणसाने फोन उचलायचं बंद केलं होतं. भरपाई गेली ती गेलीच.

त्या वेळी धाकटी घरीच होती. कॉलेज बंद, तास मोबाईलवर. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. ती म्हणाली, "पप्पा, हे हाताने लावत बसू नका. मी शिकवते, तुम्ही लिहा." मी म्हटलं, तूच लिही ना. तर म्हणाली, "मी लिहिलं तर मी पुण्याला गेल्यावर दर वेळी मला फोन कराल." खरं बोलली. ओट्यावर लॅपटॉप, शेजारी चहा, आणि काळ्या पडद्यावर माझी अक्षरं. इंग्रजी टायपिंग म्हणजे एका बोटाने कोंबडीने दाणे टिपावेत तसं.

पहिली ओळ तिने शिकवली ती फोल्डर करायची. एमकेडिर. म्हणजे मेक डिरेक्टरीचं लघुरूप, डिरेक्टरी म्हणजेच फोल्डर. कंसात नाव द्यायचं, चालवायचं, की फोल्डर हजर. मी "शेती" असं मराठीतच नाव दिलं. चालतं. खुश झालो आणि पुन्हा चालवलं, तर लाल अक्षरात शिवी. फाईल एक्झिस्ट्स एरर. म्हणजे हा फोल्डर आधीच आहे, मी पुन्हा करणार नाही. आता आहे तर आहे, गप्प बसायचं ना? पण एमकेडिर गप्प बसत नाही. तो तिथेच थांबतो आणि त्याच्या पुढच्या सगळ्या ओळी तशाच राहतात.

दुसरी शिवी त्याच दिवशी खाल्ली. मी म्हटलं वर्षाचा फोल्डर हवा, त्याच्या पोटात गटाचा, त्याच्या पोटात तारखेचा. सरळ तिन्ही नावं एकापुढे एक लिहून एमकेडिरला दिली. तर म्हणतो मार्ग सापडत नाही. कारण तो फक्त शेवटचा फोल्डर करतो. त्याच्या वरचे सगळे आधी असले पाहिजेत. घराला जोतं नाही आणि हा माळ्यावर विटा चढवा म्हणतोय, असं मला वाटलं; पण नीट बघितलं तर माळ्यावर विटा चढवा म्हणणारा मीच होतो, तो बिचारा जोतं कुठाय एवढंच विचारत होता.

त्यावर उपाय म्हणजे मेकडिर्स. याच्यात मेक पूर्ण लिहायचं आणि शेवटी एस. हा वरपासून खालपर्यंत जे जे नाही ते ते करत जातो. आणि त्याच्याच कंसात एक्झिस्ट ओके इक्वल टू ट्रू असं लिहिलं की आधीच असलेल्या फोल्डरवरून तक्रार करत नाही. धाकटीने सांगितलं की ही सोय पायथॉनच्या 3.2 आवृत्तीत, म्हणजे 2011 साली आली, त्याआधी लोक फोल्डर आहे का ते आधी तपासायचे आणि मग करायचे. आपण उशिरा शिकलो ते एका परीने बरंच.

मेकडिर्सचा हा शांत स्वभाव मला फार आवडला. पण शांत माणूस चुकीचं कामही शांतपणे करतो. ते कळलं गट नंबरावर.

माझ्या बागेचा गट नंबर 112/2. प्रोग्रामने विचारलं गट कुठला, मी सवयीने तसाच टाकला, तिरपी रेघ देऊन. फोल्डर उघडून बघतो तर "112" नावाचा फोल्डर, आणि त्याच्या पोटात "2" नावाचा दुसरा. कॉम्प्युटरला तिरपी रेघ म्हणजे "याच्या आत". आपल्याला तिरपी रेघ म्हणजे पोटहिस्सा. मी गंमत म्हणून "7/12" टाकून बघितलं. सात नावाच्या फोल्डरात बारा नावाचा फोल्डर निघाला! सौ. ला दाखवलं, ती म्हणाली, "मग काय चुकलं? गाव नमुना सात वेगळा आणि बारा वेगळाच असतो की." तलाठ्याच्या शेजारी राहिल्याचा परिणाम. आणि तसं बघितलं तर 112 च्या पोटात 2 हेही बरोबरच आहे, पोटहिस्सा पोटातच असायचा. पण मग भावाचा 112/1 पण त्याच 112 च्या पोटात जायला लागला आणि त्याच्या कांद्याचे फोटो माझ्या द्राक्षांना चिकटले. शेवटी एक ओळ टाकली, की नावात तिरपी रेघ आली तर तिच्या जागी आडवी रेघ कर. तेव्हापासून 112-2.

तुम्ही करणार असाल तर हेही लक्षात असू द्या. विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात तिरप्या रेघा दोन्ही बाजूंच्या चालत नाहीत, विसर्गासारखे दोन टिंब म्हणजे कोलन चालत नाही, प्रश्नचिन्ह चालत नाही, चांदणी चालत नाही. मी एकदा वेळ टाकायला गेलो 8:15 अशी, नाकारला. आकडे इंग्रजी टाका. मराठी ११२ आणि इंग्रजी 112 हे आपल्याला एकच, त्याला दोन वेगळे गट. आणि तारीख लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. 2021-11-15 अशी. आपल्या सवयीने 15-11-2021 लिहिली तर सगळ्या महिन्यांच्या पंधरा तारखा एका जागी गोळा होतात आणि हंगामाचा क्रम बिघडतो. वर्ष पुढे घेतलं की नावाने लावलं काय आणि तारखेने लावलं काय, रांग एकच.

दोन हंगाम झकास चाललं. संध्याकाळी केबल लावायची, "आवक" नावाच्या फोल्डरात फोटो उतरवायचे, प्रोग्राम चालवायचा, गट टाकायचा, झालं. बाजार समितीत माल उतरवतो तशी आवक, मग प्रतवारी, मग गाळ्यात. एक्स्पोर्टच्या माणसाला फवारणीच्या तारखा आणि बाटल्यांचे फोटो लागतात, काढणीपूर्व किती दिवस आधी कुठलं औषध बंद केलं ते दाखवावं लागतं. मी लॅपटॉप फिरवून दाखवायचो. त्याच्या तोंडावरचं आश्चर्य बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

आता 2023.

26 नोव्हेंबर 2023 ची रात्र आमच्या निफाड, दिंडोरी, चांदवड भागातला कुठलाही बागायतदार विसरणार नाही. माझी बाग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटलेली, म्हणजे पन्नास दिवसांची. मणी बाजरीपेक्षा थोडे मोठे. गार पडली आणि एका तासात काड्या सोलल्या, पानांची चाळण, घड खाली. 27 ला सकाळी आम्ही बागेत गेलो तर ओळीत पांढरं साचलेलं होतं अजून. आबा पण आले. वय 84, काठी टेकत. मी नको म्हणत होतो. ते तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी थांबले, खाली पडलेला एक घड उचलला, आणि तो तळहातावर घेऊन नुसते बघत राहिले. बोलले काही नाहीत. मी पंचनाम्यासाठी फोटो काढतच होतो, त्यात तोही काढला. का काढला ते आता सांगता येणार नाही. हात चालू होता म्हणून काढला.

तिसऱ्या दिवशी तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येऊन पंचनामा झाला. त्यांना लागणारे फोटो मी व्हॉट्सॲपवर पाठवले, बागेचे, आबांचा नाही. त्यानंतर उरलेली बाग वाचवण्यात डिसेंबर, जानेवारी गेला. त्या हंगामात मी एकदाही केबल लावली नाही. फोटो मोबाईलमध्येच. मार्चमध्ये आबा गेले.

जूनमध्ये, म्हणजे गेल्या वर्षी, मोबाईल म्हणायला लागला जागा संपली. म्हटलं आता बसू या. धाकटी तोवर पुण्याला नोकरीला लागली होती. आणि मला शहाणपण सुचलं, की आपला प्रोग्राम थोडा सुधारू. वर्षाच्या आत गट, गटाच्या आत तारीख, असं तीनदा उघडत जावं लागतं, त्यापेक्षा एका गटाचा एका हंगामाचा एकच फोल्डर करू. नाव 112-2_2023-24. सोपं. मीच बदल केला, पोरीला विचारलं नाही. तीन वर्षं प्रोग्राम वापरत होतो, आता आपल्याला येतं, असं वाटत होतं.

चूक कुठे झाली ते नीट सांगतो, कारण ती दिसायला इतकी साधी आहे की तुमचीही होईल. प्रोग्राममध्ये दोन कामं आहेत. एक, फोल्डर करणे. दोन, फोटो त्यात हलवणे. फोल्डर करायच्या ओळीत मी फक्त नाव लिहिलं, 112-2_2023-24. हलवायच्या ओळीत पूर्ण पत्ता लिहिला, डी ड्राईव्ह, शेती, आणि मग 112-2_2023-24. आता नुसतं नाव दिलं की फोल्डर कुठे होतो? प्रोग्राम ज्या जागी उभा राहून चालतोय तिथे. माझा प्रोग्राम शेतीच्या फोल्डरातच होता, म्हणून नुसतं नाव काय आणि पूर्ण पत्ता काय, दोन्ही एकाच जागी पोचत होते. ओढ्याकडच्या रानाचे पाच-दहा फोटो घालून बघितलं, बरोबर चाललं. मग म्हटलं रोज आत शिरून कशाला उघडायचा, प्रोग्रामची फाईल उचलून डेस्कटॉपवर ठेवली.

झालं. आता प्रोग्राम डेस्कटॉपवर उभा. त्याने फोल्डर केला तो डेस्कटॉपवर. फोटो हलवायला गेला डी ड्राईव्हच्या शेतीत. तिथे त्या नावाचा फोल्डर नाही. मला वाटायचं फोल्डर नसला की तो ओरडेल. नाही ओरडत. वरचा शेतीचा फोल्डर आहे ना, मग तो समजतो की या माणसाला फोटोचं नावच बदलून 112-2_2023-24 ठेवायचंय. पहिला फोटो गेला आणि त्या नावाची एक फाईल झाली. फोल्डर नाही, फाईल. दुसरा फोटो गेला तो त्याच नावावर, पहिल्याला पुसून. तिसरा दुसऱ्याला पुसून. एकच कॅरेट ठेवलंय, त्यात माल ओतायचा, पुढची पाटी आली की आधीचा माल उकिरड्यावर टाकून नवा ओतायचा, असं 386 वेळा.

पडद्यावर काय आलं? "386 फोटो हलवले." खोटं नव्हतं, हलवलेच होते. मी समाधानाने 118 गटाचे 97 टाकले. "97 फोटो हलवले." मोबाईलमधून मी कॉपी नव्हते केले, कट करून आणले होते, जागा करायची होती ना. डेस्कटॉपवर दोन रिकामे फोल्डर दिसले, वाटलं काहीतरी कचरा झालाय, तेही उडवले. मग चार दिवस त्याच डी ड्राईव्हवर साडूच्या पोराच्या लग्नाचा व्हिडिओ उतरवला, तो चांगला मोठा होता.

पाचव्या दिवशी आबांचा फोटो मोठा करून लावायचं ठरलं. पुढच्या महिन्यात वाढदिवस यायचा होता त्यांचा. लॅपटॉप उघडला. शेतीत दोन पांढऱ्या कागदांची चित्रं, त्यांच्यावर गटांची नावं. उघडेनात. एकाच्या नावापुढे जेपीजी लावून बघितलं तर उघडलं. ठिबकच्या लॅटरलला उंदराने पाडलेलं भोक. 386 मधला शेवटचा फोटो तो होता.

सौ. ला काय सांगायचं हेच कळेना. रात्री पोरीला फोन लावला. ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "पप्पा, आता लॅपटॉपवर काहीच करू नका. बंद करा. काही कॉपी करू नका, काही डिलीट करू नका." शनिवारी आली. तिने सांगितलं ते असं, की फाईल उडवली म्हणजे ती लगेच डिस्कवरून जात नाही. तिची जागा मोकळी आहे असं नुसतं लिहून ठेवलं जातं. शेतातलं पीक उभंच असतं, फक्त पीकपाहणीत "पड" लिहिलेलं. त्या जागेवर नवं काही पेरलं नाही तोवर जुनं शोधून काढता येतं. माझ्या लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे म्हणून तेवढी तरी आशा. नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये तीही बहुतेक नसते. पण मी त्या मोकळ्या जागेत लग्नाचा व्हिडिओ पेरून बसलो होतो.

रात्रभर तिचं सॉफ्टवेअर डिस्क खरवडत होतं. सकाळी 130 च्या आसपास फोटो परत मिळाले. नावं गेली, नुसते नंबर. त्यातले चाळीसेक अर्धवट, वरचा भाग दिसतो आणि खाली सपाट करडा रंग. आबांचा त्या चाळिसात निघाला. टोपी दिसते, चेहरा दिसतो, मान खाली घातलेली. खांद्याच्या खाली करडं. हात नाही, घड नाही.

पोरगी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, "मेकडिर्सच्या ओळीत पूर्ण पत्ता का नाही लिहिला?" मी म्हटलं, वर लिहिलाच होता की, पुन्हा कशाला. ती म्हणाली, "मग पत्ता एकदाच लिहायचा, त्याला एक नाव द्यायचं, आणि दोन्हीकडे तेच नाव वापरायचं." एवढंच.

आता प्रोग्राम कसा आहे ते सांगतो. ज्यांनी मागितला त्यांनी आधी हे वाचा, मग मागा. सगळ्यात वर पत्ता एकदाच, पूर्ण, ड्राईव्हपासून. फोल्डर करणारी ओळ आणि फोटो ठेवणारी ओळ, दोघींना तोच. मेकडिर्स झाल्यावर लगेच पुढची ओळ विचारते, हा खरंच फोल्डर आहे का? इजडिर म्हणतात त्या तपासणीला. नाही असं उत्तर आलं तर प्रोग्राम तिथेच बंद. मोटर चालू करायच्या आधी पाईप जोडलाय का ते बघतो, तसं. खरं तर नुसतं मेकडिर्सही बरंच सांभाळतो. त्या नावाची फाईल आधीच बसलेली असेल तर एक्झिस्ट ओके लिहिलेलं असूनही तो ओरडतो, कारण त्याची सूट फक्त फोल्डरला आहे, फाईलला नाही. हे मी दुरुस्ती करताना अनुभवलं. नवा प्रोग्राम चालवला तर पहिल्याच ओळीला अडला, कारण उंदराच्या भोकाचा फोटो 112-2_2023-24 हे नाव अडवून बसला होता. तो बाजूला केला तेव्हा फोल्डर झाला.

हलवणं बंद. आता फक्त कॉपी. तिथे त्या नावाचा फोटो आधीच असेल तर पुढे एक आकडा लावून ठेवतो, पुसत नाही. शेवटी आवकेतले किती आणि फोल्डरात किती नवे पोचले, दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवतो. आकडे जुळले, चार-पाच फोटो उघडून बघितले, की मग आवक मी माझ्या हाताने रिकामी करतो. महिन्यातून एकदा सगळं एका पेनड्राईव्हवर, तो कपाटात, सातबाऱ्याच्या पिशवीत. फोल्डरची रचना पुन्हा जुनीच केली. वर्ष, गट, तारीख. तीनदा उघडावं लागतं तर लागू दे.

ज्याने 2023 विचारलं त्या भावाला उत्तर मिळालं असेल. 15 नोव्हेंबरचा त्या वेलीचा फोटो मी काढला होता. तो त्या 386 मध्ये होता आणि 130 मध्ये नाही.

आता माझं एक काम. 27 नोव्हेंबर 2023 ला सकाळी आमच्या बांधावर बरीच माणसं आली होती. गावातली, शेजारच्या गावातली, दोन-तीन पोरं तर व्हिडिओ काढत ओळीतून फिरत होती. तुमच्यापैकी कुणी त्यात असेल तर मोबाईलमध्ये, जुन्या मोबाईलमध्ये, पोरांच्या मोबाईलमध्ये एकदा बघा. पांढरी टोपी, धोतर, काठी काखेत आणि हातात घड, असा म्हातारा कुठे कोपऱ्यात जरी दिसला तरी चालेल. व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. म्हणजे तो आकसत नाही, आणि आतली तारीखही जात नाही. फोल्डर करून ठेवलाय.